घरात आलेला आवाज

लॅपटॉपचं खोकं घरात आलं तेव्हा आत्यांनी ते आधी हुंगून पाहिलं. आमच्याकडे बाहेरून काहीही आलं की त्या पहिल्यांदा नाकाला लावतात. सगळं आयुष्य फुलांत गेलेल्या बाईला जगाची पारख नाकानंच करायची सवय लागते. "काहीच वास नाय याला," असं म्हणून त्या मागे सरकल्या आणि मला वाटलं, झालं, पहिल्याच पेपरात नापास.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रंगूबाई. सासऱ्यांना, म्हणजे सावळीरामांना, मी मामा म्हणते. मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला आमचं घर आहे आणि घराला लागूनच गुलाबाचं, झेंडूचं आणि निशिगंधाचं रान. लॅपटॉप आला होता तो मामांसाठी. आमच्या भावकीत कुणी ऐकलं तर हसलं असतं, आणि हसलेही. सत्तरीला टेकलेला माळी माणूस, त्याला कशाला लॅपटॉप?

गेल्या वर्षी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तंबाखूनं डाव साधला होता, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या खालच्या बाजूला आता एक छोटं भोक आहे, मामा त्यातूनच श्वास घेतात. त्यावर पातळ मलमलीची पट्टी बांधलेली असते. माणूस वाचला, पण आवाज गेला. आणि तो साधासुधा आवाज नव्हता. मामांनी इकडून हाक मारली की पाटाच्या पलीकडची माणसं वळून बघायची. फुलबाजारात तर त्यांच्या पाटीचा भाव टोकाच्या गाळ्यापर्यंत ऐकू जायचा.

मामा सातवी शिकलेले, त्यामुळे शाळेतल्या पोरांसारखं पाटी-पेन्सिलीनं लिहून आमच्याशी बोलायचे. जीवनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मला ते पुरायचं. पण आत्यांना अक्षर येत नाही. खाणाखुणांनी पाणी समजायचं, औषध समजायचं, दिवा मालव हेही समजायचं. पण नवराबायको काय पाण्याबद्दल आणि औषधाबद्दल बोलतात? ही दोघं तर सकाळी डोळे उघडल्यापासून एकमेकांशी भांडणारी. कुठल्या वाफ्याला आधी पाणी द्यायचं, कुणाच्या लग्नाला कोण नीट वागलं नाही, चहात साखर कमी का, काहीही चालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा या कटकटीनं माझं डोकं उठायचं. ती बंद झाली आणि घर असं गप्प पडलं, की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. मामा दुपारभर पाटाकडे तोंड करून बसायचे. आत्या त्यांच्या पाठीमागे बसून हार ओवायच्या. मला खरंच भीती वाटत होती, की एका घरात, एकाच ओट्यावर बसून ही दोघं एकमेकांना कायमची मुकणार.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनीच सुचवलं, की मामांनी मराठीत टाइप करावं आणि यंत्रानं ते मोठ्यानं वाचून दाखवावं. मोबाइलवर आम्ही करून पाहिलं होतं, पण काट्यांनी आणि खुरप्यानं घट्टे पडलेल्या मामांच्या बोटाखाली एका वेळी तीन-तीन अक्षरं यायची. म्हणून लॅपटॉप. आणि लग्नाआधी माझं एमएस-सीआयटी झालेलं, म्हणून तो लावायचं काम माझ्याकडे. त्या सर्टिफिकेटचा लग्नानंतर झालेला हा पहिला उपयोग.

खोकं उघडण्याआधी पूजा झालीच. आत्यांनी तांब्यात रामकुंडाचं पाणी आणून ठेवलेलं. मी तो तांब्या खिडकीत नेऊन ठेवला आणि झाकणाच्या पाठीवर कुंकवाचं एकच बोट लावायला परवानगी दिली. मग सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले. याच्याजवळ पाणी न्यायचं नाही, चहा न्यायचा नाही. हळदकुंकू आत पडता कामा नये. पडद्याला धरून उचलायचं नाही, खालून दोन्ही हातांनी उचलायचं. गादीवर ठेवायचं नाही, कारण खालून त्याला वारा लागतो, नाहीतर ते तापतं.

आत्या पदर तोंडाला लावून अगदी मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तान्ह्या पोरासारखं." मी म्हटलं हो, तसंच समजा. हे मी का म्हटलं, याचा मला पुढे फार विचार करावा लागला.

बटण दाबलं. काळ्या पडद्यात हळूहळू निळं उजाडलं. भाषा कुठली, असं त्यानं विचारलं. मी मराठी निवडली आणि पडद्यावर आपली अक्षरं उमटली तशी मामा खुर्चीत पुढे सरकले. हा संगणक कोण वापरणार? मी लिहिलं, सावळीराम. मग त्याला मामांचं बोट हवं होतं, म्हणजे नुसतं बोट टेकवलं की उघडेल. मामांनी अंगठा टेकवला. पुन्हा ठेवा, असं आलं. तर्जनी ठेवली, पुन्हा ठेवा. दहाच्या दहा बोटं झाली. मातीनं त्या बोटांवर रेषाच ठेवल्या नव्हत्या. मामांनी पाटीवर लिहिलं, 'रेशनच्या मशीनलाबी हेच.' मी बोटाचा नाद सोडला आणि साधा पासवर्ड टाकला.

त्यानंतर अपडेट सुरू झालं. आमचं नेट जेमतेम, त्यामुळे पडद्यावर नुसते पांढरे ठिपके गोल गोल फिरत राहिले. बाहेर ऊन उतरत होतं. चामरलेण्याचा डोंगर जांभळा पडला होता आणि निशिगंधाच्या कळ्या उमलायला लागल्यानं तो जडसर गोड वास खिडकीतून आत येत होता. आम्ही चौघं त्या ठिपक्यांकडे बघत बसलो. कुणाला उठावंसं वाटेना. मला मध्येच डुलकी लागली आणि अर्धवट झोपेत असं वाटलं, की त्या ठिपक्यांच्या मागे कुठेतरी मामांचा आवाज आहे, लांबून येतोय, रस्ता मोठा आहे, पण निघालाय. जाग आली तेव्हा जीवन कुकर लावायला उठला होता. आत्या मात्र तशाच बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्षरांचे स्टिकर कळांवर चिकटवले. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठीचे दोन आवाज होते, एक बाईचा, एक पुरुषाचा. अर्थातच मी पुरुषाचा लावला. आवाज वाढवला आणि मामांना म्हटलं, बोला. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

मामांनी फार वेळ घेतला. एकेक कळ शोधायची, दाबायची, वर पडद्यावर बघायचं, पुन्हा खाली. शेवटी मी सांगितलेली कळ दाबली. आणि घरात एक माणूस बोलला. स्वच्छ, संथ, बातम्या देणाऱ्यासारखा. "लय ऊन हाय आज."

मामा दचकले. त्यांनी लिहिलं होतं आपल्या बोलीत, आणि तो माणूस ते बोलला होता पुण्याहून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्याच्या आवाजात. 'हाय' तर त्यानं असं म्हटलं, जणू छातीत कळ आली. मला हसू फुटलं. मी आत्यांकडे वळले तर त्या तिथं नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन बघते तो त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता, कपाळापर्यंत. परका पुरुष घरात बोलला, की त्यांचा हात आपोआप पदराकडे जातो. त्यांनी ठरवून केलं नव्हतं ते.

"ते काय म्हणून राहिलं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, आत्या, ते मामाच बोलताहेत. आज ऊन आहे म्हणताहेत. त्या म्हणाल्या, ऊन मलाही दिसतंय, आणि भाकरी थापायला लागल्या. मी हरले नाही. बाईचा आवाज लावला. ते तर फारच वाईट झालं. मामांनी चहा मागितला आणि एक तरुण गोड बाई लाडात आल्यासारखी म्हणाली, "चहा टाक." आत्यांनी असा काही कटाक्ष टाकला, की मी मुकाट्यानं पुरुषाचा आवाज परत आणला.

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. मामा टाइप करायचे, तो पाहुणा बोलायचा, आत्या पदर सावरून आत जायच्या आणि मला विचारायच्या, ते काय म्हणून राहिलं. मी सांगायचे. म्हणजे पाटी होती तेव्हा जे होत होतं तेच होत होतं, फक्त आता विजेचं बिल वाढलं होतं. मी भरपूर चिडले. आत्यांवर, मामांवर, त्या मॅडमवर, त्या पुण्याच्या माणसावर. एकदा जीवनवरही चिडले, त्याचा तर काहीच संबंध नव्हता. मामांनी मग लिहिणं कमी केलं. कधी कधी ते झाकण नुसतं उघडून बसायचे. बोटं कळांवर, नजर पाटाच्या पाण्यावर.

आत्या यंत्राची निगा मात्र मनापासून राखायच्या. फूल पुसावं तसं ते कोरड्या फडक्यानं पुसायच्या. चार्जिंगची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून खाटेच्या मागून नेऊन ठेवायच्या. जीवननं एकदा ते एका हातानं उचललं तर त्याला चार गोष्टी सुनावल्या. यंत्राशी बोलायच्या तेवढ्या नाहीत.

मग तो मंगळवार आला. मी दुपारी पंचवटीत हारांची ऑर्डर पोचवायला गेले होते. परत आले तेव्हा सगळं घर झोपल्यासारखं निपचित होतं. ओट्यावर लिंबाची सावली हलत होती, मामा खाटेवर भिंतीला टेकून झोपले होते, आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर लॅपटॉप होता, ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. फडक्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं आणि खाली फरशीवर त्याचं लहानसं तळं झालं होतं.

मी काय बघतेय हे मला लगेच कळलं. निशिगंध तोडून पाटीत दाबून भरला की आतून तापतो. हात घातला तर चटका बसावा इतका. तापलेलं फूल काळं पडतं, बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणून पाटीवर ओलं फडकं टाकायचं. आत्यांनी उभ्या जन्मात तेवढंच केलंय, आणि लॅपटॉप तापतो हे मीच सांगितलं होतं. मी फडकं ओढून काढलं. कळांच्या फटीफटीत पाणी होतं, पडदा काळा ठार. मी वायर उपसली, बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप पालथा केला, आणि मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सांगितलं होतं ना, पाणी नाही म्हणून, एवढं एकच तर सांगितलं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आत्या आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचे हात ओले होते.

"तापलं व्हतं गं," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या आवाजानं मामा जागे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पालथ्या यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी उशाची पाटी घेतली आणि लिहिलं, 'तिला बोलू नको.' आत्यांनी विचारलं, काय लिहिलं. मी म्हटलं, तुम्हाला ओरडू नको म्हणताहेत. आत्या खाली बसल्या. त्यांनी फरशीवरचं पाणी पुसून घेतलं.

दुकानातल्या माणसानं फोनवर सांगितलं, की घाई करू नका, उघडा करून पालथा ठेवा, पंख्याखाली वाळू द्या, चार-पाच दिवस अजिबात सुरू करू नका. नशिबात असेल तर उठेल. म्हणून आम्ही तो मधल्या खोलीत, टॉवेलवर, घराच्या छपरासारखा पालथा ठेवला. पंखा संथ फिरत राहिला. खिडकीवरचा पडदा हलायचा आणि उन्हाचे कवडसे त्याच्या पाठीवरून ये-जा करायचे. आत्यांनी आपला हाराचा पसारा ओट्यावरून तिथं हलवला. झेंडूची एक रास, तगरीची एक रास, मध्ये त्या, आणि शेजारी ते आजारी यंत्र. दुखणेकऱ्याजवळ बसतात तशा बसून असायच्या.

एका दुपारी मीही तिथं जाऊन सुई-दोरा घेतला. राग ओसरला होता. उकाड्यानं डोळे जड झाले होते, फुलांच्या राशी मला दूरच्या टेकड्यांसारख्या दिसत होत्या. आम्ही दोघी किती तरी वेळ नुसत्या ओवत होतो. मग आत्या आपणहूनच बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"तू गेल्यावर ते बोलायला बसले," त्या म्हणाल्या. "मी पाठ करून बसले व्हते. म्हणे, निशिगंधाचे कंद औंदा काढायचे का ठिवायचे. मी काय बोलले नाय. मग म्हणे, तू जेवली का. मी गप. मग म्हणे, आज पाठीत चमक भरली का तुझ्या, डावीकडं वाकून चालून राहिली." त्यांनी सुई थांबवली. "पाठीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, रूपाली. त्यो आवाज परका हाय. पण ते बोलणं काय परक्याचं नव्हतं."

मी ऐकत राहिले. मला आधी कळलंच नाही, की माझ्या कानाला काय वेगळं लागतंय. मग लक्षात आलं. इतके दिवस आत्या विचारायच्या, ते काय म्हणून राहिलं. ते, म्हणजे ते यंत्र. आज त्या म्हणाल्या होत्या, ते बोलायला बसले. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, त्यांच्या तोंडी नवरा म्हणजे नेहमी 'ते'. यंत्रही 'ते' आणि नवराही 'ते'. फरक फक्त क्रियापदाच्या शेवटच्या एका मात्रेचा, 'बसलं' नाही, 'बसले'. आणि ती मात्रा त्या मंगळवारी दुपारी, मी घरात नसताना, यंत्रावर चढली होती.

"मी एका शब्दाचं उत्तर दिलं नाय," आत्या म्हणाल्या. "ते बोलता बोलता झोपले. मग मी जवळ गेले, तर ते तापलं व्हतं, आतून घूं घूं करून राहिलं व्हतं. म्हणलं, एवढं बोलायला लावलं मी. गळा कोरडा पडला असंल."

मी हातातला हार खाली ठेवला. सकाळी उठल्यावर आत्यांचं पहिलं काम काय असतं, हे मी वर्षभर रोज पाहत आले होते. मलमलीची पट्टी ओली करायची, पिळायची आणि मामांच्या गळ्याला बांधायची. हवा कोरडी गेली तर छातीत खोकला अडकतो म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. मी धावत जाऊन न्हाणीच्या दोरीवर वाळत घातलेलं ते फडकं पाहिलं. ते फुलांच्या पाटीवरचं नव्हतंच. कडेला शिवलेल्या नाड्या होत्या. ती मामांची पट्टी होती, दोन घेऊन जोडलेली, कारण लॅपटॉप मामांच्या गळ्यापेक्षा मोठा होता.

मी तिथं उभी राहून रडले. काय ती अडाणी बाई, असं मी मनात म्हटलं होतं, आणि त्या बाईनं आपला नवरा ज्यातून बोलत होता त्या जागी ओली पट्टी बांधली होती. मामांना ते तेव्हाच कळलं होतं. म्हणून ते इतका वेळ त्या फडक्याकडे बघत राहिले होते.

शनिवारी आम्ही बटण दाबलं. जीवन माझ्यामागे उभा होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मी मनातल्या मनात नवीन लॅपटॉपचा हिशेबही सुरू केला. आणि मग तो निळा उजेड आला, कोपऱ्यात जरासा डाग घेऊन. एकदोन कळा अडकत होत्या, पण बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी आत्यांना विचारलं, आवाज बदलून बघू का? इंटरनेटवर आणखी आवाज मिळतील, आपल्याकडच्यासारखा एखादा शोधते. आत्या म्हणाल्या, राहू दे, व्हईल सवय. मग त्या मामांच्या समोर, खाली फरशीवर बसल्या. यंत्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. मामांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कंद काढायचे," त्या म्हणाल्या. मंगळवारच्या प्रश्नाचं उत्तर. "तीन वरीस झाले त्या वाफ्याला. दांडा बारीक पडून राहिला. तुम्हाला दिसत नाय का?"

मामांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता यायचं नाही. मग त्यांची बोटं कळा शोधायला लागली.

"अजून एक वरीस निघंल," पुण्याचा माणूस म्हणाला.

"कसं निघंल? तुम्ही वाकून पाहिलं कधी? वाकते मी." आत्यांचा आवाज चढला. मी आणि जीवननं एकमेकांकडे पाहिलं. हा चढलेला सूर आम्ही वर्षभर ऐकला नव्हता. मामांनीही मान झटकली आणि तावातावानं टाइप करायला घेतलं, पण ताव कितीही आला तरी बोटं तीच, घट्ट्यांची, आणि एक कळ अडकलेली. खट्. शोधाशोध. खट्. बाहेर पाटाचं पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज त्या मधल्या जागा भरून काढत होता.

आत्यांचं पुढचं वाक्य ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. या बाईनं उभ्या जन्मात भांडताना कुणाला पुरं बोलू दिलं नव्हतं, मामांना तर नाहीच. त्यांनी तोंड उघडलं, मामांच्या बोटांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. बोट चुकलं, मामांनी खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं. घाईनं पुन्हा चुकलं.

आत्यांनी पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश लिव्हा," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचं हाय."